वाळूचा मान

फार फार मागची गोष्ट. किती मागची म्हणाल, तर तेव्हा डोंगरावरच्या एका राज्यात बंदुकीचा बार झाल्याशिवाय दसराच सुरू होत नसे.

बंदूक होती राज्याच्या मूळपुरुषाची. दसऱ्याच्या सकाळी गादीच्या धन्याने ती गालाशी धरायची आणि आभाळात नुसत्या दारूचा बार काढायचा. मगच लोक सोनं लुटायला वेशीबाहेर पडत. त्या वर्षी गादीवर राणी होती. वय कोवळं आणि पहिलाच दसरा.

बंदुकीचा राखणदार होता गोंदाजी. लहानपणी राणी त्याच्याच खांद्यावर बसून शस्त्रागार हिंडली होती. अजूनही ती त्याला गोंदाकाका म्हणे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मानकरी जमले. रीत अशी, की प्रत्येक घराण्याने नळी साफ करायच्या गजाला ओल्या वाळूचं फडकं गुंडाळायचं आणि तो नळीच्या आत घालून घासायचा. याला म्हणत वाळूचा मान. ज्याचा हात जोराचा, त्याची निष्ठा मोठी! मग काय विचारता? मिशांना पीळ देऊन एकेक जण असा घाशी, की बघतच राहावं.

सगळे गेल्यावर गोंदाजीने कोरड्या फडक्याने नळी आतून पुसली. फडक्यावर चमचमणारे कण आले.

"आता ही काय भानगड?" तो पुटपुटला.

दुसरा कुणी असता तर फडकं झटकून जेवायला गेला असता. गोंदाजी तसला नव्हे! आधी त्याला वाटलं, जुन्या गोळीचं शिसं असेल. त्याने नखाने दाबून पाहिलं. शिसं दबतं, हे काही दबेना. मग वाटलं, गजाच्या पितळी टोकाचा कीस असेल. म्हणून गज ठेवून त्याने वेताची काठी घेतली, नवं फडकं गुंडाळलं आणि पुन्हा पुसलं. पुन्हा कण! शेवटी त्याने लोहचुंबक जवळ नेला, तसे कण झटकन चिकटले. म्हणजे लोखंड. ते नळीचंच, दुसरं येणार कुठून?

त्याने बारीक तारेचा आकडा आत सोडून हळूच फिरवला. बुडाशी, जिथे दारू पेटते तिथेच, आकडा चिरेत अडकला.

गोंदाजीला सगळं उमगलं. पिढ्यानपिढ्या सगळ्यांनी प्रेमाने घासघासून ती नळी पोखरली होती. आणि उद्या ती राणीच्या गालाशी असणार होती.

पण सांगायचं कोणत्या तोंडाने? साऱ्या मानकऱ्यांच्या मानालाच हात घालायचा? तरी फडकं मुठीत धरून तो तडक दरबारात गेला.

"राणीसाहेब, उद्या बार काढू नका. वाळूच्या मानाने नळी आतून झिजली आहे."

थोरले मानकरी रायाजीराव ताडकन उठले. "आमच्या निष्ठेने बंदूक झिजली म्हणतोस? भ्यालास तू, गोंदाजी!"

"भ्यालोच आहे, सरकार," गोंदाजी म्हणाला. "राणीसाहेबांना या खांद्यावर खेळवलंय मी. भिऊ नको तर काय करू?"

राणीने फडकं हातात घेऊन निरखलं. "काका म्हणतात, तर आधी पारख करू," ती म्हणाली.

सकाळी बंदूक वेशीबाहेरच्या खडकाला बांधली. लोकांना लांब उभं केलं आणि लांबलचक वात पेटवली. धडाम! नळी बुडाशी फाटली आणि तिचा तुकडा दस्त्याजवळून उडून मागच्या आपट्याच्या खोडात घुसला. जिथून तो गेला, तिथे राणीचा गाल असता.

रायाजीराव गोंदाजीजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. "सगळ्यांत जोराचा हात माझाच होता रे," ते म्हणाले.

राणी वाकून गोंदाजीच्या पाया पडली. बार तर झाला होताच. लोक सोनं लुटायला निघाले.

पुढच्या दसऱ्याला नवी बंदूक आली. वाळूचा मान गेला आणि फडक्याचा मान आला. राखणदाराने नळी पुसायची, एका मानकऱ्याने ते फडकं साऱ्या गावाला दाखवायचं, ते स्वच्छ निघालं तरच बार. पहिल्या वर्षी ते फडकं उंच धरून उभे होते रायाजीराव.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याची झीज वेळीच ओळखावी आणि ती सांगताना कुणाच्या मानापानाची भीड धरू नये.