साकवाची काठी

माणसांना साकव बांधता येत नव्हता, त्या काळातली गोष्ट. जनावरांनी ओढ्यावर काठ्या विणून सगळ्यांसाठी एक साकव केला होता. एकदा त्याची मधली काठी कुजून पडली आणि पलीकडे चरायला गेलेली सशाची पिल्लं तिथेच अडकली. पाणी चढत होतं.

तुरी नावाची खार लगेच जांभळीची काठी घेऊन आली. साकवाचे कारभारी कासवआजोबा म्हणाले, "ठेव बाजूला. आधी या पळसाच्या पानांवर लिहून दे. तुझ्या आईची संमती, झाडाची संमती, प्रत्येक पानावर नखाची खूण."

"तोवर पिल्लं वाहून जातील, आजोबा. तुम्हाला नेमकी भीती कसली आहे?"

"मागे एक कावळा रुसला आणि दिलेली काठी उपसून घेऊन गेला. एकाने तर चोरीचीच आणली होती."

"मग तेवढंच विचारा ना."

आजोबांनी मान आत घेतली. जरा वेळाने बाहेर काढली. "काठी तुझीच? परत मागणार नाहीस?"

"माझीच होती. आता सगळ्यांची." तुरीने काठीवरच नखाची खूण केली आणि ती बसवली. पिल्लं उड्या मारत अलीकडे आली.

दुसऱ्या दिवशी तोच कावळा काठी घेऊन हजर झाला. सगळी पानं त्याने न वाचताच भरून आणली होती.

"पानं राहू दे," आजोबा म्हणाले. "काठी तुझीच का?"

कावळ्याने काठी उचलली आणि ती जिथून आणली होती, त्या घारीच्या घरट्याकडे परत निघाला.

"पानांवर तर त्याची खूण होती, आजोबा," तुरी म्हणाली.

"होती खरी," म्हणत आजोबांनी पानं जवळच चरणाऱ्या शेळीपुढे सरकवली.