मेंढदऱ्याचा उष्टा काढा

मेंढदऱ्याच्या वेशीपासून गावाला कवेत घेत गेलेलं कुंपण पाहिलंत? सगळा अडुळसा. माघात पांढऱ्या फुलांनी लगडतो. एकेक फूल जांभई देणाऱ्या सिंहाच्या जबड्यासारखं, ओठावर जांभळ्या रेघा. गावात शेळ्या चारशे, पण या पाल्याला एकीचा दात लागत नाही. आणि चाल अशी, की आजाऱ्याला काढा द्यायचा तर देणाऱ्याने तो आधी उष्टवायचा. देवाला उष्टं चालत नाही. इथे औषध उष्टं झाल्याशिवाय चालत नाही.

याच्यामागे भिवराई धनगरीण आहे, असं सांगतात.

तिची दोन लेकरं खोकल्याने गेली होती. उरली एक मंजुळा. तीही हिवाळ्यापासून खोकत होती, आणि वैशाख सरता सरता तिच्या थुंकीत रक्त दिसलं. त्याच आठवड्यात लिंबाजी नावाचा झाडपाला विकणारा गावात आला. पाठीवर पाल्याचं आणि बोटभर जाडीच्या कांड्यांचं गाठोडं.

"आक्का, पानं वाफवून पिळा, रस मधातून द्या. आणि पाऊस लागला की कांडी खोचा. दाराशीच औषध होईल."

भिवराई माणसाच्या गोड बोलण्याला भुलणारी नव्हती. तिचा पारखी म्हणजे तिची बांडी शेळी. शेळीने पाला हुंगला, शिंकली आणि तोंड फिरवून उभी राहिली.

"बघा गं बायांनो! माझ्या घोंगडीच्या दशा खाणारी ही, हिनं सोडलं. ते मी लेकीला घालू?"

"शेळीला कुठं खोकला झालाय, आक्का?" म्हणत लिंबाजीने मूठभर पानं स्वतः चावून गिळली.

"सरावाचा दिसतोय," म्हातारा कारभारी येसबा पुटपुटला. "विषवाले रोज थोडं थोडं खाऊन पचवतात म्हणे."

झालं! लिंबाजीला चिंचेला बांधलं आणि गाठोडं वेशीबाहेरच्या उकिरड्यावर भिरकावलं. भिवराईने मात्र मूठभर पाला ओच्यात लपवला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या सकाळी मंजुळाला धाप लागली, शब्द फुटेना. भिवराईने रस पिळला आणि वाटी घेऊन चिंचेखाली आली.

"याच्यावर माझा भरवसा नाही. आधी मी पिते. सूर्य माथ्यावर यायच्या आत मी आडवी झाले, तर याला सोडू नका."

"अगं, पोरीला आई तरी राहू दे!" येसबा ओरडला.

"पोरच गेली तर आई कुणाची?"

तिने अर्धी वाटी घशाखाली लोटली. कडूपणाने डोळ्यांत पाणी आलं, पण नजर लिंबाजीवरून हलली नाही. तो एवढंच म्हणाला, "माझी परीक्षा घ्या, आक्का. पोरीला ताटकळवू नका."

तरी ती बसून राहिली. घरातून खोकला ऐकू येत होता, आणि ती बसून होती. ऊन माथ्यावर आलं तेव्हा उठली, आपल्या पायांनी घरात गेली आणि उरलेली वाटी लेकीच्या तोंडाला लावली. पुढचा पाला तिने उकिरड्यावरून वेचून आणला. पंधरवड्यात मंजुळा उठून बसली, म्हणे.

लिंबाजीला त्याच दुपारी सोडलं होतं. मनगटं चोळत तो निघून गेला. मंजुळा हिंडूफिरू लागल्यावर भिवराई नवी घोंगडी घेऊन सात गावं त्याला शोधत फिरली. तो कुणालाच पुन्हा दिसला नाही.

मृगात उकिरड्यावरच्या कांड्यांना धुमारे फुटले. शेळ्यांनी आजूबाजूचं सगळं ओरबाडलं, तेवढा अडुळसा राहिला. ज्या खोडीपायी त्याच्यावर संशय आला, त्याच खोडीने तो वाचला. भिवराई दर पावसाळ्यात कांड्या तोडून पुढे लावत गेली.

आजही मेंढदऱ्यात परका माणूस आला की चिंचेखाली घोंगडी अंथरून त्याला आधी बसवतात. आणि घरात काढा झाला की देणारा एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो, आणि तत्क्षणी वाटी आजाऱ्यापुढे धरतो. थांबायचं तेवढं भिवराई एकदाच थांबली, म्हणतात.