मिशीवाल्याची पाठवणी

"म्हणजे हो लिहू की नाही लिहू, माय? एवढंच सांगा."

कौतिकामाय बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बसून जाळं सांधत होती. तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढचं भोक शोधायला घेतलं.

शार्दूल उमाळकरनं कागद तिच्यापुढे धरला. माशांवर डॉक्टरेट केलेला माणूस. बोलायला लागला की समोरच्याला जांभई द्यायलाही उसंत मिळत नसे. दोन वर्षं तो या गावात मायकडे बोडीचं शिकायला येत होता, निदान लोकांना तसं सांगत होता. मनातून मात्र आपणच तिला शिकवतोय, असं त्याला वाटे.

कागदावर एकच रकाना रिकामा होता. सायप्रिनस, म्हणजे पुस्तकातला कॉमन कार्प, ही आक्रमक प्रजाती मानावी का? हो किंवा नाही. कागद आज संध्याकाळी जिल्ह्याच्या मत्स्य समितीकडे जायचा होता.

"हो लिहिलं, तर जिल्हाभर या माशाचं बीज मिळणं बंद होईल," तो म्हणाला. "तुमच्या गटातल्या बायकांच्या शेततळ्यातलंसुद्धा. त्यांचा संसार चालतो त्याच्यावर. आणि नाही लिहिलं, तर पावसाळ्यात या बोडीतही पुन्हा आणून सोडतील. मग तुम्ही चिखलात वाकून लावलेली ही सगळी वनस्पती..."

"जाईल," माय म्हणाली. "तुले काय वाटते?"

"मला कशाला वाटायला पाहिजे? पुरावे आहेत. तो तळ उकरतो, मुळं उपटतो, पाणी गढूळ करतो. वर बाहेरून आणलेला."

"मंग लिही ना गा."

"पण शेततळ्यातला..."

पेन तसंच राहिलं.

बोडीत आता एकच सायप्रिनस उरला होता. बाकीचे बायकांनी काढले, हा मात्र तीनदा जाळ्यातून निसटला. ओठांशी मिशा, अंगानं चांगला दांडगा. बायका त्याला मिशीवाला म्हणत आणि शिव्याही लाडानं देत.

"जा," माय म्हणाली. "त्याले पकडून आन. हातानं. मंग लिहू."

शार्दूलनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. माशाचा स्वभाव, वेग, वळायची तऱ्हा, सगळं त्याला तोंडपाठ होतं. माशाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं.

तो डावीकडे झेपावला, मासा उजवीकडे गेला. तो उजवीकडे वळला, मासा त्याच्या दोन्ही पायांमधून निघून गेला. पाळीवरच्या बायकांनी हातातली कामं टाकली. शेवंतानं तर खाली बैठकच मारली.

"भाऊ, मागं हाय, मागं."

भाऊ मागं वळला आणि सपशेल आडवा झाला. उठला तेव्हा डोक्यावर हिरव्या वेलींचा मुंडावळ्यांसारखा झुपका लोंबत होता. बायका हसून हसून रडायच्या बेतात आल्या.

कौतिकामाय उठली. लुगडं सावरून गुडघाभर पाण्यात उतरली आणि खाली बघत उभी राहिली. रोज सकाळी ती हेच करायची. पाण्यातून पायातली जोडवी दिसली म्हणजे बोडीची तब्येत ठीक, अशी तिची तपासणी होती. शार्दूलच्या यंत्राचं उत्तर त्याहून कधी वेगळं आलं नव्हतं.

"बापू, माही जोडवी कुठं हायत?"

शार्दूलनं वाकून पाहिलं. पाणी नव्हतंच ते, पातळ चिखल होता.

"सकाळी दिसत होती," माय म्हणाली.

त्यानं डोक्यावरची वेल ओढून काढली. मुळासकट आली होती.

"तळ उकरला," माय बोटं मोजत म्हणाली. "मुळं उपटली. पानी गढूळ केलं. अन् बाहेरून आलेला. तुह्या नावापुढं काय लिहू?"

शार्दूलनं तोंड उघडलं... आणि त्याला हसूच फुटलं. गडी थांबेचना. दोन वर्षांत त्याला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"आता काय करू?"

"आता उपटलं ते लाव. अन् बस."

त्यानं एकेक रोप परत चिखलात खोचलं. चुकलं की माय जाळ्याची काठी पाण्यावर आपटायची. मग तो काठावर बसून राहिला. एक शब्द बोलला नाही, याचं बायकांनाच जास्त नवल वाटलं.

दुपारपर्यंत पाणी निवळलं. मायनं बांबूच्या सापळ्यात भाताच्या कोंड्याचा गोळा ठेवला आणि जोडव्यांवर नजर ठेवून उभी राहिली. थोड्या वेळानं मिशीवाला आपल्या पायानं यावा तसा ऐटीत आत शिरला.

"कापायचा?" शार्दूलनं विचारलं. त्याचा आवाज जरा उतरला होता.

"कायले? शेवंताच्या शेततळ्यात जागा हाय."

मग वरात निघाली. ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेला मासा शार्दूलच्या कुशीत होता. शेवंतानं माशाच्या डोक्याला कुंकू टेकवलं, उरलेलं शार्दूलच्या कपाळाला. बायकांनी लेकीच्या पाठवणीचं गाणं धरलं. रडायच्या ओळीला माशानं शार्दूलच्या गालावर शेपटी हाणली, तेव्हा गाणं तिथंच मोडलं आणि सगळ्याजणी शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच बसून हसल्या.

शेततळ्याला चहूकडून उंच बांध होता आणि तळाला प्लास्टिकचा कागद. उपटायला एक मूळ नव्हतं. मिशीवाल्यानं गिरकी घेतली, तोंड वर काढलं आणि शेवंतानं टाकलेला कोंडा मटकावला. शेवंताचा चेहरा असा खुलला, की शार्दूल पाहतच राहिला.

त्यानं खिशातून कागद काढला. ओला झाला होता, पण रकाना अजून रिकामाच होता.

"माय, मासा तोच. तिथं चोर, इथं जावई. मग मी हो लिहू की नाही लिहू?"

कौतिकामाय लुगड्याचा ओला काठ पिळत होती. पिळून झाला. तिनं तो झटकला, नीट केला...

"बापू, त्याचा पत्ता लिही."