डाळीच्या मुठीची कहाणी

ऐका मूठआई, तुमची कहाणी. आटपाट नावाचं एक नगर, नगराला वेस, वेशीबाहेर काळी माती. त्या नगरात एक वाणी होता. त्याची बायको म्हाळसा. हाताची सढळ, जिभेची गोड, पण दिसेल त्याचं तिला नवल वाटे. मुंगी चालली तर कुठं चालली, शेजारी आधण ठेवलं तर कशाचं ठेवलं, पुसल्याशिवाय घास उतरत नसे.

एके दिवशी काय झालं? पेरणीचे दिवस आले. गावच्या बाया पदर झाकून वेशीकडे गेल्या, पदर झाकूनच माघारी आल्या. म्हाळसेला राहवेना. तिनं कुंभारणीला हटकलं. "बाई बाई, पदरात काय नेलंत, पदरात काय आणलंत? कुणाचा वसा वसता?"

"मूठआईचा वसतो. पण तुला सांगून काय उपयोग? तू वाण्याघरची. तोलशील, मोजशील, घेतला वसा विकायला मांडशील."

"तोलणार नाही, मोजणार नाही, घेतला वसा विकणार नाही."

मग कुंभारणीनं सांगितलं. "पेरणीआधी वेशीपाशी जमावं. आपल्या बियाची मूठ दुसरीच्या ओटीत घालावी, तिसरीची मूठ आपल्या ओटीत घ्यावी. ओटीची गाठ रानातच सोडावी. जे निघेल ते पेरावं, टाकू नये, परत करू नये. मग एकीचं बी बुडालं तरी दुसरीच्या रानात ते असतंच."

"पण मला तर रानच नाही!"

"मूठ तर आहे? साऱ्यांच्या ओट्या भरल्या, एक राहीची उरली. उद्या तिला तूर घाल."

राही म्हणजे वेशीकडच्या घरची सून, नुकतीच वेगळी निघालेली. तिच्याजवळ बांधाकडची रानाची एक पट्टी. तिच्यावरच घरचं वर्षाचं वरण.

म्हाळसा घरी आली. पोतं झटकलं, मूठभर अख्खी तूर निघाली. सालपट अंगावर, रंग मळका. मनात म्हणाली, देवीच्या नावाची मूठ, अशी पारोशी कशी द्यावी? मग ती जात्यावर भरडली, सुपात पाखडली, तिला तेलाचा हात लावला. पिवळीधमक डाळ झाली. दुसऱ्या दिवशी ती राहीच्या ओटीत घातली, वर गाठ मारली, आणि मोठ्या समाधानानं परतली.

राहीनं रानात गाठ सोडली. डाळ बघितली, कपाळाला हात लावला. पण वसा होता. तिनं एकेक डाळ मातीत टोकली.

इकडे म्हाळसेला चैन पडेना. आपली मूठ उगवते कशी, बघावं तरी! मग ती पहिल्यांदा गेली. "राही, मूठ उगवली?" "नाही बाई, अजून माती गार व्हायचीय." मग दुसऱ्यांदा गेली. पलीकडे जोंधळा बोटभर आलेला. "राही, मूठ उगवली?" "नाही बाई, जरा ऊन पडायचंय." मग तिसऱ्यांदा गेली. जोंधळा वीतभर, तुरीची पट्टी उघडी. म्हाळसेनं बोटानं माती उकरली. फुगून कुजलेली डाळ हाती आली.

"अगं, ही तर माझी डाळ! उगवली का नाही?"

राही आधी हसली, मग रडली. "बाई, भरडलेलं कधी उगवतं का?"

"आमच्याकडे अख्खा दाणा म्हणजे काम राहिलेला माल. मी आपला चांगला करून दिला. पण तू बोलली का नाहीस?"

"ओटीतलं परत कसं करू?"

"चल, वर्षाची डाळ माझ्या दुकानातून ने."

"खाणं होईल, बाई. पण पुढच्या साली वेशीपाशी सगळ्या उभ्या राहतील, तेव्हा मी कुणाच्या ओटीत काय घालू?"

म्हाळसा तशीच उठली. ती धावत दुकानी आली. "अहो, अख्खी तूर आहे का?" वाणी म्हणाला, "अख्ख्या तुरीला गिऱ्हाईक कुठलं? सगळी भरडली. डाळ ने, हवी तेवढी."

मग म्हाळसेनं पदर पसरला. पहिल्या दारी गेली. "पाटलीणबाई, मी वशाची मूठ भरडली. जोगवा घाला, तुरीचा दाणा घाला." पाटलीण म्हणाली, "वाणीण आमच्या दारी दाण्याला? सूर्य कुठं उगवला आज!" पण तिनं गाडग्याचा तळ खरवडला, राखेत जपलेले पांढरे दाणे दिले. दुसऱ्या दारी गेली. कोष्टीण म्हणाली, "दाणा हवाय की पीठ, नीट सांग हो!" तिनं तांबडे दाणे दिले. तिसऱ्या दारी गेली. कुंभारीण म्हणाली, "वसा विकला नाहीस खरा, पण दळलास की गं!" तिनं ठिपक्यांचे दाणे दिले.

आणि जिनं जिनं दाणा दिला, ती ती खुरपं घेऊन मागं निघाली. "वाणिणीच्या हाती सोडला तर घरी नेऊन धुवील," म्हणाल्या. राहीच्या रानात ओळीनं बसल्या. बी उगवलं नाही त्या मोकळ्या जागेला म्हणतात नांगी. एकीनं खुरप्यानं माती उघडली, दुसरीनं दाणा टाकला, तिसरीनं झाकला. म्हाळसेची बोटं चिखलात माखली. दिवस मावळायच्या आत साऱ्या नांग्या भरल्या.

मग काय झालं? पांढरी तूर आधी फुलली, तिच्यावर अळी पडली. तांबडी मागाहून फुलली, तिला धुई लागली, फुलं धुक्यात गळाली. ठिपक्यांची सगळ्यांत उशिरा आली, ती शेंगांनी वाकली. राहीच्या घरी वरण शिजलं, बियाची मूठ उरली.

पुढच्या साली बाया वेशीपाशी जमल्या. राही मूठ मिटून पुढं आली. साऱ्याजणी बघतायत, कुणाची ओटी भरते? तिनं म्हाळसेची भरली.

"अगं, मला रान कुठंय?"

"माझ्या पट्टीची एक ओळ तुमची. या टोकायला. जातं मात्र घरी ठेवा!"

साऱ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं म्हाळसा हसली, आणि ओटी सावरत राहीच्या मागं चालू लागली.

जशी राहीची पट्टी साऱ्या गावानं भरली, तशी तुमची आमची भरो. जिच्या घरचा दाणा सरेल, तिला शेजारचं दार उघडं मिळो. ही मूठआईची कहाणी, सांगणारीच्या ओठी, ऐकणारीच्या ओटी, सुफळ संपूर्ण.