विणकराला काय हवे होते

फार पूर्वी एका नगरीत भांडणे थोडी आणि वकील फार झाले होते. न्यायसभेच्या पायऱ्यांवर रोज सकाळी अकरा तरुण वकील पक्षकाराची वाट पाहत बसत. कुणी पायरी चढू लागला, की अकराही जण एकदम उठून उभे राहत. तो बहुधा सभेत पाणी भरणारा निघे.

त्याच नगरीत एक वृद्ध वकील होता. देवपूजा आटोपल्याखेरीज तो दप्तराला हात लावीत नसे, आणि दप्तर उघडल्यावर वायफळ शब्द बोलत नसे. दृष्टी मंदावल्यामुळे त्याने एक मदतनीस नेमण्याचे ठरवले. अकराही जण त्याच्या घरी हजर झाले.

वृद्ध म्हणाला, “हा एका विणकराचा दावा आहे. शेजारच्या व्यापाऱ्याने कोठाराभोवती भिंत घालताना त्याची दोन हात जागा घेतली, असे फिर्यादीत लिहिले आहे. विणकर बाहेर ओट्यावर बसला आहे. सूर्यास्तापर्यंत तयारी करा. ज्याची तयारी खरी, त्याला मी ठेवीन.”

प्रत्येकाला दप्तराची एकेक नक्कल मिळाली.

अकरा जणांत एक तरुणी होती. वर्षभरात तिच्याकडे एकही पक्षकार आला नव्हता. ही जागा हुकली, तर वकिली सोडून मामाच्या गावी परतायचे, असे तिच्या घरी ठरले होते.

दहा जणांनी माना खाली घातल्या त्या वर केल्या नाहीत. कुणी जुने निवाडे काढले, कुणी मोजणीचे नियम पाठ केले. तहान लागली की ते ओट्यावरून विहिरीकडे जात आणि विणकराला वळसा घालून परत येत. तो त्यांना दिसत नव्हता असे नाही. त्याला काही विचारले, तर आपल्याला दप्तर कळले नाही असे इतरांना वाटेल, ही भीती प्रत्येकाच्या मनात होती.

तरुणीनेही दप्तर दोनदा वाचले. एक गोष्ट तिला उमगेना. ती जागा ओसाड परसातली होती. तेथे पीक नव्हते, वाट नव्हती. मग एवढ्यासाठी हा माणूस हातचे काम टाकून दिवसभर येथे का बसला असेल?

ती उठली.

“कुठे निघालीस?” शेजारच्या तरुणाने विचारले.

“विणकराशी बोलायला.”

“काय बोलणार?”

“तेच अजून कळत नाही.”

सगळे हसले. “अगं, दप्तरात सगळं आहे! अक्षर लागत नसेल तर मी वाचून दाखवू का?”

“जाऊ दे रे तिला,” दुसरा म्हणाला. “तेवढीच एक कमी झाली.”

तरुणीचा चेहरा उतरला. क्षणभर ती परत बसणार होती. पण प्रश्न तिला बसू देईना. ती बाहेर गेली.

“काका, त्या जागेत तुम्ही काय करता?”

“काही नाही, पोरी. गवत वाढतं.”

“मग ती परत मिळाल्यावर काय कराल?”

“खरं सांगू? मला जागा नकोच आहे. त्या भिंतीनं माझ्या मागावरचा उजेड अडवला. धागा तुटला तरी दिसत नाही. भर सकाळी दिवा लावून विणतो.”

“मग फिर्यादीत हे का नाही?”

“लिहिणाऱ्यानं विचारलं, किती हात जागा गेली? मी म्हटलं, दोन हात. उजेडाचं त्यानं विचारलंच नाही.”

सूर्यास्ताला दहा जणांनी दहा युक्तिवाद मांडले. सर्व बांधीव होते. वृद्धाने शांतपणे ऐकून घेतले आणि तरुणीकडे वळून विचारले, “तुझा युक्तिवाद?”

“लिहिला नाही, गुरुजी. हा दावा आपण जिंकलो, तर भिंत दोन हात मागे सरकेल. उंची तेवढीच राहील. विणकर तेव्हाही अंधारातच विणील. त्याला जागा नको, उजेड हवा आहे. मला व्यापाऱ्याशी बोलू द्या. विणकराची संमती मी घेतली आहे.”

“म्हणजे खटलाच बुडवायचा!” मागून कुणीतरी पुटपुटले.

वृद्ध एवढेच म्हणाला, “जा.”

दुसऱ्या दिवशी व्यापारी सगळे ऐकून चकित झाला. “उजेड? माझ्यावर तर जागेची फिर्याद आली, म्हणून मीही हट्टाला पेटलो. आधी सांगितलं असतं, तर बांधतानाच दगडी जाळी बसवली असती. चोरही आत येत नाही आणि उजेडही अडत नाही.”

आठ दिवसांत मागासमोर जाळी बसली. विणकराने फिर्याद मागे घेतली. वृद्धाने तरुणीची नेमणूक केली, तेव्हा दहाही जण तक्रार घेऊन आले.

“न्यायसभेत एक शब्दही न बोलता हिला जागा कशी मिळाली? आमच्या युक्तिवादांत कोणता दोष होता?”

“एकही नाही,” वृद्ध म्हणाला. “पण ज्याच्यासाठी तुम्ही बोलणार होता, तो वीस पावलांवर बसला होता. त्याच्यासमोरून तुम्ही पाणी पिऊन आलात. देव अंतर्यामी आहे. प्रत्येकाचे दुःख तो न विचारता जाणतो. तुम्ही आणि मी माणसे आहोत. आपल्याला विचारावे लागते.”

दहा जण घराबाहेर पडले. त्यांतला एक मात्र ओट्यापाशी थांबला. तेथे नवा पक्षकार येऊन बसला होता. तरुण त्याच्याशेजारी बसला आणि म्हणाला, “बाबा, तुमचं काय झालं, ते मला सांगाल का?”

तात्पर्य ध्यानी धरावे ते असे: अज्ञानी दिसण्याच्या भीतीने जो प्रश्न गिळतो, त्याची विद्या कुणाच्याच उपयोगी पडत नाही. ज्याचे काम हाती घ्यावे, त्याला प्रथम विचारावे.