पालथी डोण

काटेमाळावर धनगरांची चारच घरं होती, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तिथं ठकूबाई नावाची बाई राहायची. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांचं दुखणंखुपणं तीच बघायची. तिनं अंगावरून हात फिरवला की कुत्रं आपलं दुखणं तिला सांगायचं, असं म्हणतात.

वस्तीची एक रीत होती. चंपाषष्ठीला खंडोबाच्या देवळापुढच्या दगडी डोणीत घरटी तांब्याभर दूध ओतायचं, वर खवा कुस्करायचा आणि कुत्र्यांना पोट फुटेस्तोवर पाजायचं. कुत्रा देवाचा, म्हणून हा मान. वर्षभर कोरड्या भाकरीवर राहणारी ती मुकी जनावरं, पुढ्यात येईल ते चाटूनपुसून घ्यायची. दुसऱ्या दिवशी त्यांची पोटं वाहायची, धड उभं राहता यायचं नाही. आणि नेमका त्याच दिवशी लांडगा यायचा, कोकरं न्यायचा. यावर शहाणी माणसं काय म्हणायची? देव कोपला, दूध कमी पडलं. पुढच्या वर्षी घरटी दोन तांबे.

अशाच एका वर्षी ठकूबाईचा कुत्रा भुंग्या गेला. लांडग्यापुढे उभा राहिला खरा, पण पायांत जीवच उरला नव्हता. ठकूबाईनं त्याला मांडीवर घेऊन हात फिरवला आणि जाता जाता त्यानं तिला सगळं सांगितलं, असं म्हणतात. तिला सगळ्यात जास्त संताप स्वतःचाच आला. डोणीत तिचाही तांब्या होता.

पुढच्या चंपाषष्ठीला उजाडताच तिनं एकटीनं ती डोण पालथी घातली आणि वर बसली. दूध घेऊन आलेली माणसं थबकली. सुभान पाटील भडकले.

"ठकूबाई, ऊठ. देवाचं हाय ते."

"देवाचं हाय तर देवाला पाजा, पाटील. पुन्य तुमच्या पदरात आन् कळा ह्यांच्या पोटात, ह्यो कुठला धरम? पातळ ताकात भाकर कुस्करून द्या, ती ह्यांना सोसते. पन ताक देताना तुमची मान खाली जाती."

"आन् उद्या लांडगा आला तर?"

"ही उभी ऱ्हायली न्हाईत, तर मला वस्तीभाईर काढा."

डोण उचलायला आठ गडी भिडले. ती तिळभर हलली नाही. ठकूबाईच्या रागाचं वजन दगडात उतरलं होतं, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात सात लांडगे आले. सगळी कुत्री एकदम उठली आणि तीन टेकड्या ओलांडून त्यांनी लांडगे पिटाळले. एकही कोकरू गेलं नाही. पाटील मान खाली घालून ठकूबाईकडे आले, पण तिचं लक्ष वाटेकडे होतं. कुत्र्यांच्या सगळ्यात पुढे भुंग्या धावत होता, असं म्हणतात. बाकीची परत आली, तो आला नाही.

डोण अजून पालथीच आहे. चंपाषष्ठीचं दूध आता वस्तीतली पोरं पितात आणि कुत्र्यांना बिनमिठाच्या पातळ ताकात कुस्करलेली भाकरी मिळते. कुणी लाडानं कुत्र्यापुढे दुधाची वाटी धरलीच, तर ती त्याला डोणीवर बसून स्वतः प्यावी लागते. आणि चंपाषष्ठीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाची घंटा वाजवण्याआधी पुजारी डोणीवर हात ठेवून विचारतो, "कुत्री उभी हायेत का?"

सगळी वस्ती आधी वळून कुत्र्यांकडे बघते. मग सांगते, "उभी हायेत, ठकूबाई."