राणीच्या हौदातलं पोवळं

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा खेकडे माणसांशी बोलत आणि माणसंही त्यांचं ऐकून घेत.

समुद्राकाठी एक राज्य होतं. मिठागरांचं राज्य. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, ऊन पाणी पिऊन टाकायचं आणि मागे मीठ उरायचं. तिथल्या पोराटोरांनाही हे ठाऊक. आणि माणसं कशी? खाल्ल्या मिठाला जागणारी. कुणी उपकार केला, की तो फेडल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे.

एकदा तिथली राणी तान्ह्या लेकीला घेऊन गलबतातून माहेराहून परतत होती. वादळ झालं, गलबत फुटलं. लाटेनं मायलेकींना पोवळ्यांच्या खडकावर नेऊन टाकलं. पोवळं म्हणजे नुसता दगड नव्हे बरं का! ते जिवंत असतं. फांदीफांदीवर तिळाएवढी तोंडं असतात, ती उघडतात, मिटतात. त्या खडकानं लाटा स्वतःच्या अंगावर झेलल्या आणि राणी एका फांदीला घट्ट धरून राहिली. होड्या शोधत आल्या, तेव्हा ती तांबडी फांदी मोडून तिच्या मुठीत आली होती आणि तळहात चिरला होता.

"हिनं मला धरलं, आता मी हिला धरीन," राणी म्हणाली.

राजवाड्याच्या अंगणात उथळ दगडी हौद होता. त्यात समुद्राचं पाणी भरलं आणि फांदी ठेवली. फांदीच्या बुडाशी एक छोटा खेकडा चिकटून आला होता, तोही तिथंच राहिला.

उन्हानं हौदातलं पाणी आटे. मग गावातल्या बायका रोज कळश्या घेऊन येत. "आमच्या राणीमाईला वाचवलंय गं हिनं!" असं म्हणत समुद्राचं ताजं पाणी ओतत. समुद्राच्या लेकराला समुद्राचंच पाणी हवं, नाही का? पुढं हौदाच्या काठावर पांढरी किनार धरली, तर म्हातारी माणसं हात जोडून म्हणाली, "बघा, हौदाला बहर आला!"

पोवळं मात्र फिकं पडत चाललं. तोंडं मिटली. तांबड्याचं गुलाबी झालं, गुलाबीचं पांढरं.

राणीनं राजवैद्यांना आणि प्रधानांना बोलावलं. राजवैद्य म्हणाले, "उष्णता झालीय," आणि त्यांनी चंदनाचं पाणी ओतलं. प्रधान म्हणाले, "अशक्तपणा आहे," आणि त्यांनी चुन्याची निवळी ओतली. दोघांनीही एकाच दिवशी! आता कशानं काय झालं, हे ब्रह्मदेवाला तरी कळावं का? गावकऱ्यांना तर आणखीच उमाळा आला. जिथं एक कळशी यायची, तिथं दोन येऊ लागल्या.

शेवटी फांदीच्या टोकाला तेवढा एक तांबडा ठिपका उरला. राणी हौदाशी बसून रडू लागली. "तू माझी लेक वाचवलीस, आणि मला तुला जगवता येईना गं!"

रडता रडता तिला दिसलं, की खेकडा हौदातून बाहेर पडलाय. तो तिरका तिरका चालत पिण्याच्या पाण्याच्या रांजणापाशी गेला आणि झिरपणाऱ्या थेंबांखाली जाऊन बसला.

"अरे, तू समुद्राचा," राणी म्हणाली. "गोड्या पाण्यात काय करतोस?"

"तोंड खारट झालंय, ते धुतोय," खेकडा फणकारला.

"समुद्रातल्या जिवाला पाणी खारट लागतं?"

"चाखून बघा की!"

राणीनं हौदात बोट बुडवून जिभेला लावलं आणि थू थू केलं. मग काठावरची पांढरी किनार नखानं खरवडली. मीठ! ऊन नुसतं पाणी नेत होतं, मीठ मागेच राहत होतं, आणि वरून रोज खाऱ्या पाण्याच्या कळश्या. सगळ्या राज्यानं मिळून राणीच्या अंगणात आणखी एक मिठागर पिकवलं होतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस?" राणीनं विचारलं.

"विचारलं कुणी? जो आला तो ओतून गेला."

राणी खजील झाली. बातमी गावात पोचली, तशा बायका गोड्या पाण्याच्या कळश्या घेऊन धावत आल्या. खेकडा हौदाच्या काठावर चढला आणि नांग्या उगारून ओरडला, "थांबा! एकदम ओतलंत तर उरलासुरला जीवही जाईल. हळूहळू खारट झालंय, हळूहळूच उतरू द्या. रोज तांब्याभर काढा, तांब्याभर गोडं घाला. पाणी समुद्रासारखं लागलं, की मग ऊन जेवढं नेईल तेवढंच गोडं घालायचं. आणि ती औषधं बंद!"

भरली कळशी कडेवर घेऊन नुसतं उभं राहणं सोपं नसतं हो. पण त्या बायका उभ्या राहिल्या. रोज एका घराची पाळी. बाकीच्या बायका पोवळ्याला हात जोडायच्या आणि कळशी तशीच घरी न्यायच्या.

ठिपका पसरू लागला. एका सकाळी सगळी तोंडं उघडली आणि फांदी पुन्हा लालभडक दिसली. अंगणात कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं.

या वेळी राणीनं घाई केली नाही. ती हौदाशी बसली आणि म्हणाली, "बाई गं, तुला काय हवंय?"

खेकड्यानं फांदीला टेकून ऐकून घेतलं. या वेळी तो फणकारला नाही. "ती म्हणते, तुमचं पाणी चुकलं, पण माया चुकली नाही. ती माया मी विसरणार नाही. आता मात्र मला बहिणींकडे जायचंय."

राणीचे डोळे भरून आले. पण तिनं हट्ट धरला नाही. लेकीला कडेवर घेऊन ती होडीत बसली आणि वण असलेल्या हातानंच तिनं ती फांदी खडकाच्या कपारीत बसवली. खेकडाही पाण्यात उतरला.

पुढं किती वादळं आली! लाटा त्या खडकावर फुटल्या आणि मिठागरांचे बांध शाबूत राहिले. राज्यातली माणसं आजही उपकार फेडायला निघाली, की भरली कळशी दाराबाहेर ठेवतात, आत जाऊन बसतात आणि आधी विचारतात, "तुम्हाला काय हवंय?"

तात्पर्य: उपकार फेडताना आपलं मन भरेल ते नव्हे, समोरच्याला मानवेल तेच द्यावं.